पोटावरचा चुंबकी पट्टा : पैसे मोजण्याआधी

भाताचे पैसे हातात आले, की आठवडे बाजारात, जत्रेत चुंबकाचे पट्टे, कडी, 'चुंबकी पाणी' विकणारे भेटतात. कुणी विजेवरचं यंत्रही पोटावर फिरवून देतो. गॅस, मुरडा, पोट साफ न होणं, सगळं बंद होईल असा दावा. शहापूर-मुरबाडकडच्या शेतकरी बंधूंनो, दीड हजार मोजण्याआधी थोडं ऐका. तेवढ्यात युरियाच्या पाच गोण्या येतात.

चुंबक पोटात काम करतो हे खरं आहे, पण गाईच्या! गाय वैरण नीट न चावता गिळते. तिच्याबरोबर तार, खिळा गेला तर तो दुसऱ्या, जाळीदार पोटात अडकतो आणि टोचत टोचत हृदयापर्यंत पोचू शकतो. म्हणून पशुवैद्यक गाईला बोटाएवढा चुंबक गिळवतात. तो तिथेच राहून लोखंड धरून ठेवतो. माणसाच्या आतड्यात धरायला काय आहे? विक्रेता म्हणतो, रक्तात लोह असतं. असतं, पण ते हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही. एमआरआय यंत्राचा चुंबक पट्ट्यापेक्षा कितीतरी पटींनी जोरदार. त्यात झोपून आलेल्याचं पोट काही बरं होत नाही.

तपासण्या ठीक, तरी पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, असं महिनोन्महिने चालतं, त्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नसते. त्याची हालचाल आणि मेंदूशी असलेला संबंध बिघडलेला असतो. हे सोंग नव्हे. घरच्यांनी 'मनाचे खेळ' म्हणून हिणवू नये.

मग पट्ट्याने गुण आला असं लोक का सांगतात? हा आजार चढतो, उतरतो. त्रास अगदी वाढला की माणूस पट्टा घेतो, पुढे उतार पडतो आणि श्रेय पट्ट्याला जातं. विश्वासाचाही गुण असतोच. 2010 साली अमेरिकेत हार्वर्डच्या डॉक्टरांनी 80 रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना 'यात औषध नाही' असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांतल्या 59 टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. गोळी न घेतलेल्यांतही 35 टक्क्यांना वाटलाच!

खरा फरक ताटात पडतो. भातानंतर ओलाव्यावर आपण वाल, हरभरा घेतो. ते भिजवून, पाणी टाकून, मोड आणून खाल्ले तर गॅस करणारी साखर कमी होते. कांदा, लसूण, दूध यांपैकी काय बाधतं ते एकेक बंद करून पाहावं. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. लावणीच्या दिवसांत सकाळचा चहा आणि थेट संध्याकाळचं जेवण, हेही पोटाला सोसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. भातसा, तानसा उशाशी असून शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरचं पाणी प्यावं लागतं. दूषित पाण्याने जुलाब झाले, की नंतर काहींचं पोट असंच बिघडलेलं राहतं. टीसीएल पावडर वेळेवर आणि योग्य प्रमाणात पडते का, हे सरपंच आणि जलसुरक्षकांनी स्वतः पाहावं.

शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर एक दिवसही पट्ट्यावर घालवू नका. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. आतड्याचा कर्करोग, क्षयरोग यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. हृदयात पेसमेकर बसवलेल्याने तर असा चुंबक छातीजवळ आणूच नये.

ग्रामपंचायतीने बाजारात जागा देताना विक्रेत्याचा फलक वाचावा. त्यावर पोटाबरोबर मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याचा चमत्कारी दावा असेल, तर 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली तक्रार करता येते. फलकाचा फोटो काढून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या.