उमाजी नाईक : रखवालदार की दरोडेखोर?

मागच्या खेपेला आपण क्वाना पार्कर या कोमांचे सरदाराविषयी बोललो. अमेरिकी सैन्याशी लढला, १८७५ साली शरण आला आणि पुढे त्याच सरकारने त्याला न्यायाधीश नेमलं. व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, आपल्याकडे असं कोणी झालं का?" झालं ना! आणि फार लांब नाही. वाशीहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत पुरंदरला पोचाल.

पुरंदरच्या पायथ्याच्या मुलखात, भिवडी गावी, १७९१ साली उमाजी नाईक जन्मले. समाज रामोशी. रामोशाचं काम काय? गावाची राखण. चोरी झाली तर त्याने माग काढायचा. माग लागला नाही तर नुकसान त्याच्या अंगावर. बदल्यात जमीन आणि धान्यात वाटा. पुरंदर किल्ल्याची राखणही याच लोकांकडे होती. म्हणजे जबाबदारी होती, तसा हक्कही होता.

१८१८ ला पेशवाई गेली. इंग्रजांनी किल्ल्यांवरची शिबंदी मोडली. राखण गेली, तिच्याबरोबर पोटही गेलं. उमाजींनी लूटमार केली, तुरुंग भोगला. हे लपवायचं कारण नाही. तुरुंगात ते लिहा-वाचायला शिकले, हेही लक्षात ठेवा.

पुढची गंमत बघा. सरकारला ते आवरेनात, तेव्हा त्यांना माफी दिली आणि बंदोबस्ताच्या कामावर घेतलं! पण हे फार टिकलं नाही. उमाजी पुन्हा उठले. १८३१ च्या जाहीरनाम्यात त्यांनी लोकांना सांगितलं की इंग्रजांची चाकरी सोडा, सारा देऊ नका. आता ही नुसती लूट राहिली नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात ते पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी.

म्हणजे रखवालदार, दरोडेखोर, सरकारी शिपाई, बंडखोर. माणूस एक. डोंगरवाटांची माहिती तीच, अंधारात माग काढायची विद्या तीच. नाव मात्र शिक्का कोणाचा यावर बदलत गेलं.

हे एका माणसापुरतं असतं तर मी इतकं बोललो नसतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं, आणि पुढे रामोशीही त्या कचाट्यात सापडले. कायदा १९५२ साली रद्द झाला. आज रामोशी समाज 'विमुक्त जातीं'च्या यादीत आहे. विमुक्त कशातून? आपण लावलेल्या नावातून! गुन्हा कृतीचा असतो, कुळाचा नसतो. नीतिशास्त्राचा हा पहिला धडा आहे. कागदावरून ते नाव पुसलं गेलं. आपल्या बोलण्यातून गेलं का, हे ज्याने त्याने घरी जाऊन तपासावं.