जग बुडालं, तर दुसऱ्या दिवशी पाणी कोण भरणार?

मित्र-मैत्रिणींनो, ‘जग बुडणार’ ही बातमी आतापर्यंत तुमच्या कानावर किती वेळा आली? एकदा तरी नक्कीच! घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. १९६२ च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा ‘अष्टग्रही’च्या भीतीनं देशभर होमहवन झाले. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची ‘स्कायलॅब’ कोसळायची होती, तेव्हा ती नेमकी आपल्याच कौलांवर पडणार असं गावोगाव लोकांना वाटत होतं. पडली ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियातल्या ओसाड माळावर. आता हसू येतं ना? पण २००८ च्या सप्टेंबरात युरोपात एक मोठा वैज्ञानिक प्रयोग सुरू होणार होता. टीव्हीवाल्यांनी ‘जगाचा शेवट’ लावून धरला आणि त्या धास्तीनं मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीचा जीव गेला. तेव्हा हा विषय नुसताच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

अफवेत फक्त तारीख असते, बरं का! अमुक दिवशी सगळं खल्लास. दुसऱ्या दिवशी काय, हे अफवा कधीच सांगत नाही. गोष्ट मात्र त्या दुसऱ्या दिवशीच सुरू होते. तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी इंग्रजीत अशा कादंबऱ्या ढिगानं आहेत. नाव ऐकून अंगावर काटा येतो, पण वाचताना कळतं, की त्यांत स्फोट थोडे आणि घरकाम जास्त!

सुसान बेथ फेफर या अमेरिकन लेखिकेचं ‘लाइफ अ‍ॅज वुई न्यू इट’ (२००६) घ्या. एक लघुग्रह चंद्रावर आदळतो आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ ढकलला जातो. समुद्राला प्रचंड भरत्या येतात, किनारे बुडतात, ज्वालामुखी जागे होतात, राखेनं सूर्य झाकला जातो. हे सगळं घडतं ते दूर कुठंतरी. आपल्याला दिसते ती मिरांडा नावाची मुलगी आणि तिची डायरी. तिची आई मुलांना घेऊन बाजारात धावते आणि हाताला लागतील ते डबे गाडीत भरते. भाऊ लाकडं फोडतात. हिवाळ्यात सगळं घर एका शेगडीभोवती एका खोलीत झोपतं. आज कोण जेवणार आणि कोण उपाशी राहणार, याचा हिशेब मिरांडा लिहीत जाते. चंद्रावर लघुग्रह आदळल्याची पानं मी विसरलो असतो, पण डबे मोजण्याची पानं विसरता येत नाहीत.

रॉबर्ट ओब्रायन यांचं ‘झेड फॉर झकाराया’ (१९७४) त्याहून जुनं. अणुयुद्धानंतर अ‍ॅन नावाची मुलगी एका दरीत एकटीच उरली आहे. गाय आहे, कोंबड्या आहेत, आणि दोन ओढे आहेत. एक जिवंत, एक विषारी. एक दिवस एक अनोळखी माणूस येतो आणि नेमका विषारी ओढ्यात आंघोळीला उतरतो. अ‍ॅन लपून बघत असते. ओरडून सांगावं, की गप्प बसावं? माणूस चांगला असेल, की वाईट? ती गप्प बसते. पुढं काय होतं ते सांगत नाही, पुस्तक मिळवा! सगळं जग संपलं तरी गोष्ट अडते ती पाण्यापाशी, एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडं काय? आपल्याकडं जयंत नारळीकर होते. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत कोलकात्याच्या एका हौशी आकाशनिरीक्षकाला धूमकेतू सापडतो आणि तोच पृथ्वीच्या दिशेनं निघालेला असतो. ‘हिमप्रलय’मध्ये चक्क मुंबईत बर्फ पडतं! दोन्ही कथा झकास आहेत. पण एक गोष्ट खटकते. संकट येतं ते शास्त्रज्ञांपुढं, आणि तोडगाही तेच काढतात. तुमच्याएवढ्या मुलांना त्यात फारसं कामच नाही. मराठीतली मिरांडा अजून मला तरी भेटलेली नाही.

ती भेटायला धुळ्यासारखी जागा नाही, असं माझं मत आहे. हसू नका! जगाचा शेवट म्हणजे काय, हे धुळ्याच्या पायाखालीच लिहिलेलं आहे. मुंबई-आग्रा रस्त्यानं जाताना लळिंगचा किल्ला दिसतो ना? तो आणि आजूबाजूचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचत गेला. नंदुरबार-धुळे भागात काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती रानातून जातात. कुणी राजानं बांधल्यासारख्या वाटतात, पण त्या म्हणजे भेगांमध्येच थिजलेला शिलारस. भोवतालचा खडक झिजला, भिंत उरली. त्यातली एक तर पाऊणशे किलोमीटरहून लांब आहे! त्याच सुमाराला डायनोसोर नाहीसे झाले. मेक्सिकोजवळ आदळलेला प्रचंड दगड हे त्याचं मुख्य कारण मानतात. आपल्या लाव्ह्याचा त्यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

दगड आपल्याकडंही पडलाय, पण अगदी छोटा. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळच्या मानेगावला १८४३ च्या जूनमध्ये एक अशनी पडला. तो वेस्टा या लघुग्रहाचा तुकडा असावा असं मानतात. गावाचं काहीही बिघडलं नाही. उलट त्याचं नाव जगभरच्या अशनींच्या यादीत गेलं.

आता पुन्हा पाण्याकडं येऊ. इंग्रजी कादंबऱ्यांत संकट आलं, की शेजारी लगेच शत्रू होतो. मिरांडाची आईसुद्धा बजावते, की आपल्या घरापुरतं बघायचं. भीतीत माणूस असं वागतो, खोटं नाही. पण एवढंच खरं आहे का? आपल्या पांझरा नदीवर शेकडो वर्षं फडपद्धत चालत आली. नदीवर बंधारा घालायचा, पाटानं पाणी न्यायचं, जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे. तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे एकाचा ऊस आणि दुसऱ्याची बाजरी असं भांडण नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. पाऊस कमी झाला, तर कमी फड भिजवायचे, आणि ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. भांडणं होत नसत असं नाही हं! पाण्यावरून भांडत नाही असं गाव मला दाखवाच. पण भांडण मिटवायची रीत ठरलेली होती. आता बऱ्याच ठिकाणी ही पद्धत मोडकळीला आली आहे.

मग जुळवा बघू गोष्ट. राखेनं आभाळ भरलंय. वीज नाही, त्यामुळं नळ नाही, बोअरही बंद. रस्त्यावर ट्रक उभेच्या उभे. शहरातली माणसं हंडे घेऊन पांझरेच्या काठानं वर निघाली आहेत. वर एका गावात जुना बंधारा आहे, आणि पाट गाळानं बुजलेला. गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना तो कसा उपसायचा ते ठाऊक आहे, पण त्यांच्यानं फावडं उचलवत नाही. फावडी आहेत नववीतल्या सात-आठ मुलामुलींच्या हातात. पाणी आलंय गुडघाभर. ते एका फडाला पुरेल, किंवा शहरातल्या हंड्यांना. दोन्हीला नाही.

आबा विचारतात, ‘‘पोरांनो, आज रातची जागल्याची पाळी कोणाची?’’