यूएसबी वायफाय अडॅप्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह संगणकावर मिळू लागला, आधारभूत दराने होणाऱ्या धानखरेदीची नोंदणी ऑनलाइन झाली, उत्पन्नाचे व जातीचे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून निघू लागले. आणि ज्या कामांसाठी पूर्वी तहसील कचेरीच्या ओसरीवर दिवस मोडावा लागे, त्यांपैकी पुष्कळशी कामे तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत भंडारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत एखाद्या जुन्या डेस्कटॉपसमोर बसून होऊ लागली. अशा डेस्कटॉपला बहुधा अंगचे वायफाय नसते. राउटर एका खोलीत व संगणक दुसऱ्या खोलीत असला, म्हणजे तार ओढण्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर आणणे सोयीचे वाटते. तो तीन-चारशे रुपयांत मिळतो. मात्र तो लावल्यावर काम अडले, तर कोणी यंत्राला दोष देतो, कोणी संगणकाला, तर कोणी कंपनीच्या लाइनीला, आणि पुष्कळदा चांगल्या स्थितीतला अडॅप्टर फेकून दुसरा आणला जातो.

या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे. संगणकाला पटलेली यंत्राची ओळख, ते यंत्र चालविणारा ड्रायव्हर, राउटरशी हवेतून जुळलेला दुवा, आणि राउटरपलीकडचे इंटरनेट या चार गोष्टी वस्तुतः निरनिराळ्या असून, व्यवहारात मात्र ‘नेट चालत नाही’ या एकाच वाक्यात त्या कोंबल्या जातात. त्या वेगळ्या करता आल्या, की दोष कोणत्या पायरीवर आहे हे सामान्य मनुष्यासही ठरविता येते.

गैरसमज १ : अडॅप्टर आणला म्हणजे इंटरनेट आले.

वस्तुस्थिती : काही वर्षांपूर्वी याच आकाराची, सिमकार्ड घालावयाची डोंगले सर्वत्र विकली जात, आणि त्यांच्यात इंटरनेट खरोखरीच मोबाइलच्या टॉवरकडून येत असे, त्यामुळे ही समजूत रूढ झाली. वायफाय अडॅप्टर दिसावयास तसाच असला, तरी त्यात सिमकार्डाला जागा नसते आणि मोबाइल कंपनीशी त्याचा कसलाही व्यवहार नसतो. तो जवळच्या राउटरशी बोलणारा व त्याचे ऐकणारा एक लहानसा रेडिओ आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु फायबर जेथे पोहोचली आहे तेथेही ती भिंतीवरच्या डब्यापाशी संपते, आणि तेथून टेबलापर्यंतचे पंधरा-वीस फूट तेवढे अडॅप्टरच्या वाट्याला येतात. पलीकडे केबल तुटली असेल किंवा बिल थकले असेल, तर निर्दोष अडॅप्टरही काही करू शकत नाही. याची परीक्षा सोपी आहे : मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वायफायला जोडावा. त्यावरही काही उघडत नसेल, तर संगणकाची खटपट करण्याचे कारण नाही. उलट मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडला आणि काम चालले, तर अडॅप्टर निर्दोष ठरतो.

गैरसमज २ : सोबतची सीडी नसेल तर अडॅप्टर बसत नाही.

वस्तुस्थिती : यूएसबीत लावल्याबरोबर प्रत्येक उपकरण संगणकाला आपले दोन संकेतांक सांगते, एक चिप अथवा वस्तू बनविणाऱ्याचा आणि दुसरा त्या विशिष्ट वस्तूचा, आणि अर्जदाराचा दाखला पाहून कारकुनाने दप्तरातून नेमकी फाइल काढावी, तद्वत विंडोज आपल्या साठ्यातून त्या अंकांचा ड्रायव्हर शोधून काढते. तो सापडला तर सीडीची गरजच पडत नाही. न सापडल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘अदर डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली पिवळ्या खुणेसह ‘८०२.११एन एनआयसी’ असे काहीसे नाव दिसते, आणि त्याच्या तपशिलात कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसविलेला नाही, असा खुलासा असतो. यंत्र बिघडल्याचे हे लक्षण मुळीच नाही. ते ओळखले गेले आहे, फक्त त्याला चालविणारे साधन नाही, एवढाच याचा अर्थ. त्या नावावर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि नंतर ‘हार्डवेअर आयडी’ निवडले, म्हणजे संकेतांक समोर येतात. तेथे ‘०बीडीए’ आणि ‘८१७९’ असे दिसले, तर आतील चिप रिअलटेक कंपनीची आरटीएल८१८८ईयू आहे हे निश्चित होते, आणि त्या अंकांचाच ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेता येतो. ड्रायव्हर उतरविण्यास नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, ही अडचण मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केल्याने सुटते.

काही नवे अडॅप्टर लावताच ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सीडीचे चित्र उमटते, आणि आपल्याला चुकीची वस्तू मिळाली असे ग्राहकास वाटते. वास्तविक ड्रायव्हर त्या अडॅप्टरच्याच पोटात साठविलेला असतो. तो बसविला, की यंत्र सीडीचे रूप टाकून रेडिओचे काम करू लागते. ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणात’ देऊ करणारे अनोळखी सॉफ्टवेअर मात्र, ज्या संगणकावर गावकऱ्यांची आधारपत्रे व जमिनीचे कागद उघडले जातात त्यावर, कदापि टाकू नये.

गैरसमज ३ : खोक्यावरचे नाव एक, म्हणजे आतील यंत्रही एक, आणि लिनक्सवर तर अडॅप्टर चालतच नाहीत.

वस्तुस्थिती : ड्रायव्हर हा चिपसाठी लिहिलेला असतो, खोक्यावरच्या नावासाठी नव्हे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाच्या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉस कंपनीची एआर९२७१ ही चिप होती, तर दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. तेव्हा एका आवृत्तीचा ड्रायव्हर दुसरीला लागू पडेल ही अपेक्षाच व्यर्थ होय. आवृत्तीचा क्रमांक अडॅप्टरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला असतो, आणि विकत घेण्यापूर्वी तो वाचून घेणे शहाणपणाचे आहे. लिनक्सविषयीची समजूत याच अज्ञानातून आली आहे. वर सांगितलेल्या अथेरॉस चिपचा ड्रायव्हर २०१० पासून आणि मीडियाटेकच्या एमटी७६०१यू या स्वस्त चिपचा २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. उबुंटूसारख्या प्रचलित प्रणालींत हे अडॅप्टर लावले, की बहुधा काहीही न करता चालू होतात. अडचण येते ती ज्या चिपचा ड्रायव्हर गाभ्यात नाही तिच्याबाबत. म्हणून लिनक्स वापरणाऱ्याने दुकानात प्रथम चिपचे नाव विचारावे.

गैरसमज ४ : खोक्यावर ६०० किंवा १२०० लिहिले आहे, म्हणजे तेवढा वेग मिळणार.

वस्तुस्थिती : तो आकडा मेगाबिटचा असतो, आणि फाइलीचा आकार आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने आकडा तेथेच एकअष्टमांश होतो. शिवाय ६०० हा आकडा २.४ गिगाहर्ट्झवरील १५० व ५ गिगाहर्ट्झवरील ४३३ यांची गोळाबेरीज असून, अडॅप्टर एका वेळी त्यांपैकी एकाच पट्ट्यावर काम करतो. त्यातही हवेतील संभाषणात एका वेळी एकानेच बोलावयाचे असल्यामुळे प्रत्यक्ष पदरी पडणारा वेग लिहिलेल्याच्या सुमारे निम्मा असतो. १२०० चा अडॅप्टर जुन्या यूएसबी २.० खाचेत लावला, तर त्या खाचेची ४८० मेगाबिटची मर्यादा आड येते. आणि हे सर्व साधले, तरी पलीकडची जोडणी ३० मेगाबिटची असेल तर त्याहून अधिक इंटरनेट कोणताही अडॅप्टर देऊ शकणार नाही. सातबारा काढण्यास व अर्ज भरण्यास १५० चा अडॅप्टर पुरेसा आहे. त्यासाठी अधिक पैसे खर्चण्याचे प्रयोजन नाही.

गैरसमज ५ : मोबाइलला दिसणारे वायफायचे नाव संगणकाला दिसत नाही, म्हणजे अडॅप्टर खराब.

वस्तुस्थिती : स्वस्त अडॅप्टर केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकतात. राउटर त्याच वेळी ५ गिगाहर्ट्झवरही नाव प्रसृत करीत असेल, तर ते त्यांना ऐकूच येणार नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला करण्यात आला, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या व स्वस्त यंत्रांची मर्यादा समजते. याखेरीज आपल्याकडे पहिल्या पट्ट्यात तेरापर्यंत चॅनेल वापरता येतात, परंतु अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बेतलेले अडॅप्टर अकराच्या पलीकडे ऐकत नाहीत. राउटर बाराव्या अथवा तेराव्या चॅनेलवर गेला, की शेजाऱ्याचे वायफाय दिसते आणि आपले दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवल्यास हा दोष नाहीसा होतो. नाव दिसूनही जोडणी होत नसेल, तर राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीवर नाही ना, हे पाहावे. जुने अडॅप्टर तीत सामील होऊ शकत नाहीत.

गैरसमज ६ : अडॅप्टर कोठेही लावला तरी सारखाच.

वस्तुस्थिती : रेडिओलहरींना धातू अडवितो व परतवितो, पाणी त्या शोषून घेते, आणि या दोन्ही गोष्टी भंडाऱ्यात विपुल आहेत. पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. ज्या घरात राउटर आणि संगणक यांच्यामध्ये पितळी भांड्यांची मांडणी किंवा लोखंडी कपाट उभे असते, तेथे सिग्नलला वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात ओल धरलेली मातीची जाड भिंतही कोरड्या भिंतीपेक्षा अधिक सिग्नल गिळते, आणि ५ गिगाहर्ट्झला तर भिंतीचा अडथळा अधिकच जाणवतो. सर्वांत मोठा अडथळा मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे खुद्द संगणकाचा पत्र्याचा डबा. अडॅप्टर पाठीमागच्या खाचेत, भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे त्याच्या एका बाजूस पत्रा आणि दुसऱ्या बाजूस भिंत येते. त्याशिवाय यूएसबी ३.० च्या खाचा, ज्या सामान्यतः निळ्या असतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच रेडिओगोंगाट निर्माण करतात. इंटेल कंपनीनेच २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात हे दाखवून दिले आहे. उपाय स्वस्त आहे : मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर, उंच व मोकळ्या जागी, राउटरच्या दिशेने ठेवावा, आणि २.४ गिगाहर्ट्झचा असल्यास तो काळ्या खाचेत लावावा. नवा अडॅप्टर घेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

गैरसमज ७ : सिग्नलच्या कांड्या भरलेल्या असूनही साइट उघडत नाही, म्हणजे ड्रायव्हर पुन्हा टाकावा.

वस्तुस्थिती : कांड्या केवळ राउटरपर्यंतच्या दुव्याचे बळ दाखवितात. जोडणीच्या तपशिलात आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने संगणकाला पत्ताच दिलेला नाही असे समजावे. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, आणि पूर्वी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला असल्यास तो काढून ‘ऑटोमॅटिक’ निवडावे. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक दोष वारंवार आढळतो : मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यानंतर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तारीख जुळत नसल्याची सूचना देऊन उघडण्यास नकार देतात. तेथे अडॅप्टरचा काडीमात्र संबंध नसतो; सेल बदलून तारीख दुरुस्त केली, की सारे सुरळीत होते.

गैरसमज ८ : वायफायचे नाव लपविले, म्हणजे ते सुरक्षित झाले.

वस्तुस्थिती : लपविलेले नाव साध्या साधनांनीही हुडकता येते, उलट जुना अडॅप्टर त्यामुळे जोडणीस अडखळतो. १९९० च्या दशकातील डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच भेदली गेली होती. सुरक्षेचा खरा बंदोबस्त डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आणि लांब, सहज न ओळखता येणारा पासवर्ड यांतच आहे. ज्या केंद्रात लोक विश्वासाने आपले कागद देतात, तेथे गावाच्या नावापुढे १२३ जोडून पासवर्ड करणे हा त्या विश्वासाचा भंग होय, आणि केंद्रचालकाने ही जबाबदारी आपली मानली पाहिजे.

तात्पर्य, अडचण आली असता क्रम असा धरावा : डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र दिसते काय, पिवळी खूण नाहीशी झाली काय, वायफायचे नाव दिसून जोडणी होते काय, आयपी पत्ता मिळाला काय, आणि मोबाइलवर तेच इंटरनेट चालते काय. या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून जो दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढला, त्याला कोणी उगाच नवा संगणक विकू शकणार नाही. आणि पुष्कळदा तर त्याला ती पायरी चढावीच लागणार नाही. दाखल्यासाठी रोजी बुडवून आलेल्या मजुराला ‘नेट नाही, उद्या या’ असे सांगून परत पाठविण्यापूर्वी ही पाच उत्तरे पाहणे प्रत्येक केंद्रचालकाला शक्य आहे, आणि म्हणूनच ते त्याचे कर्तव्यही आहे.