जाहिरातीत नसलेलं अंतर

बिलामागचं बिल : भाग 7

गणेशगुडीजवळ काळी नदीच्या काठी होमस्टे चालवायचा तर आज नेटशिवाय भागत नाही. बुकिंग पुण्या-बेंगळुरूहून ऑनलाइन येतं, जेवणाचे पैसे यूपीआयने येतात, आणि ‘वायफाय आहे ना?’ हा प्रश्न पाहुणा गरम पाण्याच्या आधी विचारतो. गावातली पोरं शिकायला हुबळी-धारवाड नाहीतर गोव्यात, त्यांचे व्हिडिओ कॉल वेगळेच. गेल्या भागात वीजबिलातल्या स्थिर आकाराची चिरफाड केली. या भागात त्याच खांबांवरून येणाऱ्या दुसऱ्या तारेकडे वळू. उदाहरणाला तालुका मुद्दाम जोयडा घेतला आहे, कारण शहरात जे दर नुसते खटकतात ते इथे हाताबाहेर जातात.

समजा, जाहिरातीत आकडा आहे 499 रुपये महिना. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 89 रुपये 82 पैसे. झाले 588.82. ‘सहा महिन्यांचे एकदम भरा’ असं म्हटलं की 3,532 रुपये 92 पैसे. मग बसवणीचे, मग राउटरची अनामत. इथपर्यंत पुण्याच्या माणसाचं आणि जोयड्याच्या माणसाचं रडगाणं एकच आहे. बिस्किटाच्या पुड्यावर ‘सर्व करांसहित’ किंमत छापण्याची सक्ती आहे. दुकानदार पाच रुपयांच्या पुड्यावर वरून कर मागू शकत नाही. पण ते नियम आहेत वेष्टनात बांधलेल्या मालाचे, सेवेला ते लागू नाहीत. म्हणून 499 मोठ्या अक्षरात आणि ‘अधिक जीएसटी’ मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात हा खेळ बिनदिक्कत चालतो. माझ्या मते जाहिरातीत करासहित दर छापणं ही सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे आणि ती न करण्याला एकही सबळ कारण नाही.

जोयड्याचं वेगळेपण याच्या पुढे सुरू होतं. क्षेत्रफळाने उत्तर कन्नडमधला हा सगळ्यात मोठा तालुका. 2011 च्या जनगणनेत माणसं मात्र सुमारे 52 हजार. बराचसा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात. गाव म्हणजे एका टेकडीवर चार घरं, ओढ्यापलीकडे तीन, मग भातशेती, मग पुन्हा रान. रामनगर किंवा जोयडा गावठाणात नेट देणं आणि डिग्गी-बाजारकुणंगच्या बाजूच्या एखाद्या वाडीला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायबर स्वतः फार महाग नसतं. महाग असतं ते ओढणं: हेस्कॉम या वीजकंपनीच्या खांबांवरून नेणं, फांदी पडून तुटली की जागा शोधणं, स्प्लायसिंगचं यंत्र घेऊन चिखलातून तिथवर जाणं, वाटेत वनखात्याची जमीन लागली तर परवानगी मिळवणं. यातलं बहुतेक काम मोठी कंपनी करत नाही. ते करतो स्थानिक भागीदार, म्हणजे ज्याला सगळे ‘वायफायवाला’ म्हणतात तो, बहुधा कालचा केबलवाला. कंपनीच्या महसुलातला ठरलेला वाटा त्याला मिळतो. त्या वाट्यात रस्त्यालगतचं घर बसतं. रस्त्यापासून चारशे मीटर आतलं घर बसत नाही. मग तो तोंडी सांगतो: वायरचे वेगळे, खांब पुरायला लागले तर त्याचे वेगळे, आणि हे रोख.

ग्राहक चिडतो ते याच माणसावर. मला तो राग अर्धाच पटतो. अंतराचा खर्च खराच आहे आणि कोणीतरी तो भरणारच. खटकतं ते असं की या खर्चाला कंपनीच्या दरपत्रकात ओळच नाही. वेबसाइटवर पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असं हिरव्या अक्षरात येतं. एका पिनकोडात किती वाड्या आणि किती डोंगर येतात याचा तिथे पत्ता नसतो. कंपनी म्हणते आमचा दर 499, वायफायवाला म्हणतो कंपनी मला वायरचे पैसे देत नाही, आणि दोघांचंही खरं असतं. मधली रक्कम कागदावर येत नाही, त्यामुळे तिची पावती नाही, तिच्यावर जीएसटी नाही आणि कनेक्शन बंद केल्यावर तिचा हिशेबही नाही.

याचं मूळ दरांच्या व्यवस्थेत आहे. इंटरनेटचे दर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, ठरवत नाही. कंपनीने हवा तो दर लावावा आणि योजना सुरू केल्यापासून कामाच्या सात दिवसांत प्राधिकरणाला कळवावा, अशी पद्धत आहे. यामागचा विश्वास असा की स्पर्धा दर आपोआप खाली ठेवील. मोबाईलच्या बाबतीत देशाने काही वर्षं ते अनुभवलंही. पण जिथे तार ओढणारा एकच आहे, टॉवरची रेंज घराच्या एका कोपऱ्यात येते आणि पावसाळ्यात तीही जाते, तिथे दर खाली ठेवणारा दुसरा कोणी नाहीच. अशा ठिकाणी ग्राहकाच्या हातात उरते ती फक्त माहिती: नेमकं किती, कशाचं, कधीपर्यंत. तीही अर्धवट मिळते.

माहिती द्यायचे नियम नाहीत असं मात्र नाही. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकलेल्या योजनेत डेटाची मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती हे सांगितलंच पाहिजे, असा ट्रायचा 2016 चा आदेश आहे. फायबरच्या अनेक योजनांत ही मर्यादा महिन्याला 3,300 जीबीच्या आसपास असते. घरगुती वापरात ती सहसा गाठली जात नाही, तिच्यावर फार रक्त आटवू नये. हवेतून येणाऱ्या, छपरावर डबा लावून मिळणाऱ्या जोडणीत ती बरीच कमी, 1,000 जीबीची असू शकते, आणि होमस्टेतल्या दहा पाहुण्यांनी रात्री क्रिकेट लावलं तर ती संपतेही. त्यापुढचा सप्टेंबर 2020 चा आदेश जास्त कामाचा आहे. अनामत, जोडणीचे पैसे, मर्यादेनंतरचा वेग हे सगळं वेबसाइटवर, ॲपवर आणि विक्रीच्या दुकानातही दिसलं पाहिजे, असं त्यात आहे. जोयडा बाजारातल्या विक्रेत्याकडे हा तक्ता मागून बघा. भांडण नको, नुसता मागा.

2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या 13 प्रकारांत थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेणं हाही एक आहे. पण ही तत्त्वं पडद्यावरच्या लबाडीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. अंगणात उभं राहून ‘दोन हजार वरचे लागतील’ असं म्हणणारा माणूस त्यांच्या नजरेत येत नाही.

आता पावसाकडे येऊ. जून ते सप्टेंबर या तालुक्यात काय होतं ते अणशी किंवा कॅसलरॉकच्या माणसाला सांगायला नको. वीज जाते, झाड पडतं, तार तुटते आणि डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत राहतो. (विजेसाठी जुनं सुपा गाव ज्या तालुक्याने धरणाच्या पाण्याखाली दिलं, तिथेच वीज नाही म्हणून नेट नाही, हे जाता जाता.) वरच्याच उदाहरणात जुलैमध्ये बारा दिवस नेट बंद राहिलं असं धरा. दिवसाचे 19 रुपये 63 पैसे, म्हणजे 235 रुपये 53 पैसे पाण्यात. वापरलेल्या अठरा दिवसांवर वाटलं तर दिवसाला 32 रुपये 71 पैसे पडतात. जाहिरातीतला दर आणि हा दर एकाच योजनेचे आहेत.

ट्रायच्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांत अशा बंदची भरपाई आहे: सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर बिल भरणाऱ्याला सूट, आधी पैसे भरणाऱ्याला मुदतवाढ. ऐकायला छान. पण बंद मोजायचं एकक आहे जिल्हा. उत्तर कन्नडात बारा तालुके. कारवार, शिरसी, दांडेली चालू असताना जोयड्याची आठ गावं अंधारात गेली तर जिल्हा बंद पडला असं म्हणता येत नाही. ज्याच्यासाठी नियम सगळ्यात गरजेचा, नेमका तोच त्यातून निसटतो. मोबाईलच्या रेंजचे नकाशे आता कंपन्यांना वेबसाइटवर टाकावे लागतात, पण घरी येणाऱ्या तारेला तसा नकाशा नाही.

मग उरते वैयक्तिक तक्रार, आणि इथे आपली सवय आड येते. नेट गेलं की आपण वायफायवाल्याच्या मोबाईलवर फोन लावतो. बरोबरच आहे, कारण येणार तोच. पण त्या फोनची कुठेही नोंद होत नाही. कंपनीच्या लेखी तुमचं नेट त्या बारा दिवसांत चालूच होतं. नियमाप्रमाणे तक्रार म्हणजे कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवलेली आणि डॉकेट नंबर मिळालेली. तो नंबर असेल तर निकाल न पटल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, फी नाही, आणि अपील 39 दिवसांत निकाली काढायचं असतं. म्हणून दोन फोन करावेत: पहिला वायफायवाल्याला, नेट यावं म्हणून, आणि दुसरा कंपनीला, नंबर मिळावा म्हणून. दुसऱ्या फोनला वेळ जातो, गाणी ऐकावी लागतात. तरी करावा.

ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, हे अनेकांना तिकडे पत्र धाडल्यावर कळतं. ग्राहक आयोगात जाता येतं का, यावर बरीच वर्षं घोळ होता. 2009 च्या एका निकालामुळे टेलिफोनचे ग्राहक आयोगाच्या दारातून परत पाठवले जात. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या खटल्यात ते दार पुन्हा उघडलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत मोजलेल्या पैशांच्या दाव्याला फी नाही. आपला आयोग कारवारला. घाट उतरून जायचं नसेल तर ई-जागृती या पोर्टलवर दावा ऑनलाइन दाखल होतो, म्हणजे नेट असेल तर! त्याआधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन करून पाहावी. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडातही. साध्या परताव्याचे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात.

अमेरिकेत एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना नेटच्या प्रत्येक योजनेबरोबर ठरावीक नमुन्याचं लेबल दाखवावं लागतं: महिन्याचा दर, एकदाचे आकार, वेग, करार मोडल्याचा दंड. खाद्यपदार्थांवरच्या पोषणाच्या तक्त्यावरून तो नमुना घेतला आहे. आपल्याकडे असं लेबल आलं तर त्यात एक ओळ जास्तीची हवी: शेवटच्या खांबापासून घरापर्यंतच्या तारेचा दर मीटरला किती, आणि तो कोण भरणार.

कारण ती रक्कम भरण्यासाठीचा निधी देशात आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम 2002 पासून ग्रामीण दूरसंचाराच्या निधीत जाते. त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. जोयड्यातल्या माणसाच्या रिचार्जमधूनही त्यात भर पडते. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणारं भारतनेट 2011 मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून उभं राहिलं, आणि 2023 मध्ये त्याच्या पुढच्या टप्प्याला सुमारे 1.39 लाख कोटी मंजूर झाले. त्या टप्प्यात मागणी येईल त्या घरांपर्यंत जोडणी न्यायचं म्हटलं आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी आहे का, चालू आहे का, आणि तिथून घरासाठी जोडणी मागण्याचा अर्ज कोणाकडे द्यायचा, हे तीन प्रश्न पुढच्या ग्रामसभेत लेखी विचारता येतील. उत्तरंही इतिवृत्तात लिहून घ्यावीत.

पुढच्या आठवड्यात : मोबाईलचा महिना 28 दिवसांचा का, आणि वर्षातून तेरावं रिचार्ज कुठून आलं.