झिजलेलं नाणं, घासलेलं नाणं

पंचम जॉर्जचा १९११ सालचा चांदीचा रुपया चलनात येताच वादात सापडला. राजाच्या झग्यावरच्या नक्षीत एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड आखूड आणि पाय बुटके असल्यानं लोकांना तो डुकरासारखा दिसला आणि मुस्लिम समाजातून नाराजी उमटली. सरकारनं वाटप थांबवलं, बहुतेक नाणी वितळवून टाकली आणि १९१२च्या रुपयासाठी हत्ती नव्यानं कोरून घेतला. संग्राहक १९११च्या रुपयाला आजही ‘पिग रुपी’ म्हणतात.

नखाच्या टोकाएवढ्या जागेतल्या नक्षीनं सरकारला माघार घ्यायला लावली. नाणी गोळा करू पाहणाऱ्यानं आपली नजर एवढ्याच बारीक जागेवर आणायला शिकायचं असतं. साल, राजा आणि टांकसाळ ओळखणं पुस्तकातून जमतं. समोरच्या नाण्याची स्थिती ओळखणं मात्र पाहून पाहूनच येतं, आणि किमतीतला सगळ्यात मोठा फरक तिथंच पडतो. एकाच सालचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये शेजारी ठेवले तर एक चांदीच्या भावाच्या आसपास विकला जातो आणि दुसरा त्याच्या कित्येक पट.

ही विद्या शिकायला ब्रिटिश हिंदुस्थानच्या चांदीच्या रुपयासारखा दुसरा गुरू नाही. १८३५च्या कायद्यानं त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा आजच्या मापानं ११.६६ ग्रॅम ठरलं. बारा भागांत अकरा भाग चांदी हे प्रमाण १९३९पर्यंत टिकलं. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई आली, तेव्हा ते निम्म्यावर आलं. यंत्रावर पाडलेली ही नाणी मुळात एकसारखी होती, त्यामुळे ‘हे कसं असायला हवं होतं’ याचा पक्का नमुना हाताशी असतो. शिवाय ती कोट्यवधींनी पाडली गेली. पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईच्या लिलावगृहांपर्यंत ती सगळीकडे, सगळ्या अवस्थांत दिसतात.

नाणं हातात घेतलं की तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ते ठशाखालून कसं निघालं? वापरात किती झिजलं? आणि वापर संपल्यावर माणसांनी त्याचं काय केलं? नवशिक्या या तिन्हींची सरमिसळ करतो, म्हणून त्याला चकचकीत नाणं चांगलं वाटतं आणि काळवंडलेलं वाईट.

आधी झिजेचं पाहू. हजारो हातांतून, बटव्यांतून आणि गल्ल्यांतून फिरताना नाण्याचा जो भाग सर्वांत उंच तो आधी झिजतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर भुवई, कान, दाढी, मुकुटाची रत्नं आणि झग्यावरची नक्षी पाहावी. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे कानावरचे केस आणि दाढी यांवरून अंदाज येतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, केसांच्या बटा आणि पोशाखावरचं भरतकाम आधी सपाट होतं. मागच्या बाजूच्या वेलबुट्टीत पानांच्या शिरा दिसतात की पानं नुसती बाह्यरेषेपुरती उरली आहेत, हेही तपासावं.

या झिजेला व्यापाऱ्यांची भाषा आहे. बाह्यरेषा ठळक पण आतला तपशील बराचसा गेलेला असेल तर ‘फाइन’. मुख्य तपशील स्पष्ट आणि उंच भाग तेवढे सपाट झाले असतील तर ‘व्हेरी फाइन’. उंच टोकांनाच जेमतेम झीज लागली असेल तर ‘एक्स्ट्रीमली फाइन’. वापराची खूणच नसेल तर ‘अनसर्क्युलेटेड’, बाजाराच्या बोलीत ‘यूएनसी’. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी अंकांची मोजपट्टी मांडली. पुढे तीच जगभर रूढ झाली. तिच्यात ‘फाइन’ १२पासून, ‘व्हेरी फाइन’ २०पासून आणि ‘एक्स्ट्रीमली फाइन’ ४०पासून सुरू होतं. ६०पासून पुढचं सगळं न वापरलेलं. आकड्यांमुळे बोलणं सोपं झालं, तरी आकडा ठरवतो तो पाहणाऱ्याचा डोळाच.

आता जन्माचा प्रश्न. काही नाण्यांवर ठसा पूर्ण जोरानं बसलेला नसतो. राजाचा कान पुसट असतो, पण तो झिजलेला नसतो. मुळात उमटलेलाच नसतो. झिजलेली जागा गुळगुळीत, मंद आणि आसपासच्या भागाहून वेगळ्या रंगाची दिसते. ठसा कमी बसलेल्या जागेवर आजूबाजूसारखीच कांती असते. हा फरक कळला नाही, तर न वापरलेलं नाणं आपण झिजलेलं समजून हातचं घालवतो.

हाताने पाडलेल्या नाण्यांत हा प्रश्न आणखी मोठा होतो. शिवराई हे तांब्याचं नाणं घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तांब्याचा तुकडा पुष्कळदा ठशापेक्षा लहान असे आणि घाव मध्यावर बसेलच असं नसे. त्यामुळे कित्येक शिवराई नाण्यांवर काही अक्षरं कडेबाहेरच राहिली. तिथं रुपयाची मोजपट्टी लावून चालत नाही. किती अक्षरं तुकड्यावर आली, छाप मध्यावर आहे का, अक्षरांच्या कडा किती तीक्ष्ण आहेत, हे पाहावं लागतं. मुघल रुपयांवर सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या बारीक खुणा असतात. देखणेपण त्यांनी कमी होतं, पण ते नाणं खरोखर बाजारातून फिरलं याची साक्षही त्याच देतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण फसवणूक आणि नुकसान दोन्ही इथंच होतात. ठशाचा दाब बसतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक रेघा उमटतात. नवं नाणं दिव्याखाली हळू फिरवलं की या रेघांवरून उजेडाचे पट्टे गोल फिरतात. याला कांती म्हणावं. घासून आणलेली चमक वेगळी असते. ती सगळीकडून एकसारखी, आरशासारखी लखलखते. नाणं फिरवलं तरी उजेड जागचा हलत नाही. भिंगाखाली समांतर बारीक ओरखडे दिसतात. अक्षरांच्या खोबणीत मात्र काळा मळ तसाच राहिलेला असतो, कारण कापड तिथवर पोचत नाही.

आपल्याकडच्या जुन्या रुपयांपैकी बरेचसे या अवस्थेत मिळतात, आणि त्याचं कारण घराघरांत आहे. लक्ष्मीपूजनाला आजीच्या पेटीतले रुपये निघतात, रांगोळीनं घासले जातात, हळदकुंकू लागतं आणि ते पुन्हा पेटीत जातात. तांब्याची नाणी चिंचेनं लख्ख होतात. त्या हातांची श्रद्धा खरी आहे आणि घरच्या पूजेसाठी ते नाणं अमोलच आहे. पण संग्रहासाठी त्याचा पृष्ठभाग संपलेला असतो. चांदीवर वर्षानुवर्षं चढणारी राखाडी, कधी निळसर-सोनेरी छटा ही घाण नव्हे. धातूनं हवेशी जुळवून घेतल्याची ती खूण आहे. एकदा खरवडली की ती तशीच परत आणता येत नाही. म्हणून नवशिक्याला माझा पहिला आग्रह हा: घरात सापडलेलं नाणं धुऊ नका, घासू नका, त्याला काहीही लावू नका.

दागिन्यांतून सुटून आलेली नाणी हा महाराष्ट्रातला आणखी एक नेहमीचा प्रकार. नाण्यांच्या माळा पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात मिरवल्या गेल्या. माळ मोडली की नाकं काढून नाणं सुटं विकलं जातं. राजाच्या डोक्याच्या वर, कडेवर डाखाची खूण, कंगोऱ्यांत भरलेला धातू किंवा थोडीशी सपाट झालेली कड दिसते का पाहा. भोक बुजवलेलं असेल तर तिथला रंग वेगळा असतो आणि जवळचं अक्षर बेढब दिसतं. म्हणूनच दोन्ही बाजू पाहून झाल्या तरी कड पाहिल्याशिवाय नाणं पाहिलं असं म्हणू नये.

खोटं नाणं हा स्थितीच्याही आधीचा प्रश्न. पहिल्या तपासणीसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि एक चुंबक पुरतं. ११.६६ ग्रॅमपासून वजन थोडं उतरलं तर ती झीज असू शकते. पण तपशील ताजा आणि वजन बरंच कमी असेल तर हात मागे घ्यावा. चांदी चुंबकाला चिकटत नाही. मात्र १९४७चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा आहे. तो चिकटला म्हणून खोटा ठरत नाही. ओतीव नाण्यावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेवर साच्याची जोडरेघ दिसू शकते. १९३९ सालच्या रुपयासारखं दुर्मीळ साल समोर आलं तर सालाचा प्रत्येक आकडा भिंगाखाली पाहावा, कारण साध्या सालाचं दुर्मीळ साल करण्याचा मोह जुना आहे.

पाहण्याची रीतही ठरलेली आहे. नाणं दोन बोटांत कडेनं धरावं, खाली मऊ कापड असावं. एकच दिवा बाजूनं यावा. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग पाच ते दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहावं. छायाचित्रावरून घेत असाल तर दोन्ही बाजूंच्या आणि कडेच्या छायाचित्रांसोबत नाणं तिरकं फिरवतानाचं चित्रणही मागावं. समोरून पडलेल्या झगझगीत उजेडात ओरखडे लपतात.

पीसीजीएस १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली अमेरिकेत सुरू झाल्या. या संस्था नाणी पारखून, प्रत लिहून, प्लॅस्टिकच्या बंद डबीत देतात. महागड्या नाण्यासाठी त्याचा उपयोग आहे. पण डबीही खोटी निघू शकते, म्हणून तिच्यावरचा क्रमांक संस्थेकडे पडताळावा. शिवाय एकाच अंकाची दोन नाणी सारखी सुंदर नसतात. निवड शेवटी आपल्यालाच करायची असते.

डोळा घडवण्यासाठी फारसे पैसे लागत नाहीत. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन पाहावं. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. लिलावाची सूची उघडून प्रत लिहिलेला मजकूर झाकावा, छायाचित्रावरून आपला अंदाज कागदावर लिहावा आणि मग ताडून पाहावा. वर्षभर एकाच प्रकारचा रुपया पाहिला तरी नजर इतकी तयार होते की पुढचे प्रकार झपाट्यानं कळतात.

दोन कायदेही ध्यानात असावेत. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलेला ठेवा १८७८च्या कायद्यानुसार सरकारला कळवावा लागतो. मातीसकट उचलून आणलेलं नाणं विकायला ठेवलेलं दिसलं, तर ते कुठून आलं हे विचारणं संग्राहकाचं कर्तव्य आहे.

घेतलेलं नाणं पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात ठेवू नये. काही वर्षांनी त्यावर हिरवट चिकट थर येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर सिलिका जेलची पुडी सोबत हवीच.

पहिली खरेदी कोणती करावी, असं मला कुणी विचारलं तर मी पंचम जॉर्जचा ‘व्हेरी फाइन’ अवस्थेतला, कुणीही न घासलेला, राखाडी रंगाचा साधा रुपया सुचवतो. लखलखीत ‘यूएनसी’ म्हणून समोर ठेवलेल्या स्वस्त नाण्यापेक्षा तो हजारपट चांगला शिक्षक आहे. झीज ही त्या रुपयानं केलेल्या कामाची नोंद असते, आणि ती नोंद पुसून आलेली चमक कितीही सुंदर दिसली तरी तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. खरेदीदारांनी एवढा एक नेम पाळला, तर विकणाऱ्यांचे घासणारे हातही आपोआप थांबतील.