संस्थेचा संगणक सुरू होण्यास विलंब लागत असल्यास

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्र शासनाने २०२२ साली मान्यता दिली. तेव्हापासून अनेक गावांतील सेवा सोसायट्यांची दप्तरे या यंत्रावर आली आहेत. ऐन पीककर्जाच्या दिवसांत तेच सकाळी दहा-पंधरा मिनिटे अडून बसले, तर सभासदांचा खोळंबा होतो.

नव्या यंत्राची मागणी करण्यापूर्वी गटसचिवांनी विलंब नेमका कोठे होतो, हे घड्याळ लावून पाहावे. विंडोजचे चिन्ह उमटण्यापूर्वीच यंत्र अडत असेल व दिनांकही चुकीचा दाखवीत असेल, तर आतील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असण्याचा संभव असतो. ती बदलण्यास खर्च अल्प येतो. परवलीचा शब्द दिल्यानंतर विलंब होत असेल, तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी हे बहुधा कारण होय. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' या सदरात त्यांची यादी मिळते. त्यांपैकी अनावश्यक ते बंद करावेत. अँटिव्हायरस मात्र चालू ठेवावा.

चिन्ह दिसल्यानंतर यंत्र रेंगाळत असेल, तर ते अधिक चिंतेचे समजावे. जुन्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि कालांतराने त्या झिजतात किंवा बिघडतात. टकटक असा आवाज येऊ लागल्यास दुरुस्तीच्या भानगडीत न पडता प्रथम वसुलीच्या याद्या व हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. यंत्र विकत मिळते. पुसलेला हिशेब मिळत नाही. प्रत हाती आल्यावरच जुन्या डिस्कच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसवून घ्यावी. तिने सुरू होण्याचा वेळ पुष्कळच कमी होतो.