पॅनेल म्हातारं झालं की नुसतं मळलं?

बडोद्यातल्या आमच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवून दहा वर्षं झाली. तीन किलोवॅटचा संच. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये ४०० युनिट वीज मिळाली होती, यंदा ३४०. सरळ १५ टक्के घट! वॉरंटीच्या कागदावर मात्र लिहिलंय, दहा वर्षांनी ९० टक्के आणि पंचवीस वर्षांनी ८० टक्के क्षमता राहील. मी तक्रार लिहायलाच बसलो होतो.

त्याआधी म्हटलं, पॅनेल नीट धुऊन तर बघू. शेजारच्या कडुलिंबाची एक फांदी दुपारी सावली टाकायची, तीही छाटून घेतली. मग मे महिन्याचा आकडा पहिल्या वर्षीच्या मेशी ताडून पाहिला: ३९५ च्या जागी ३६७. घट सातच टक्के. बाकी सगळी धूळ आणि कडुलिंब.

हे सात टक्के मात्र धुऊन जाणारे नाहीत. गंमत अशी, की आतलं सिलिकॉन फारसं थकत नाही. थकतं ते त्याच्या भोवतालचं. सेलच्या वरखाली पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो, तो अतिनील किरणांनी हळूहळू पिवळा पडतो आणि सेलपर्यंत प्रकाश कमी पोहोचतो. शिवाय पॅनेल दुपारी साठ अंशांच्या वर तापतं आणि रात्री गार होतं. रोजच्या या फुगण्या-आकसण्यानं सोल्डरचे सांधे सैल होतात. दमट हवेत ओल शिरली, की आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात.

जगभरच्या मोजमापांत ही घट साधारण वर्षाला अर्धा टक्का दिसते. आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेनं देशभर पाहण्या केल्या, त्यांत उष्ण भागात ती जास्त आढळली. मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या, गच्चीवरच्या संचांत तर आणखी जास्त. हाताळणीतला निष्काळजीपणा हे त्यामागचं एक कारण. आमच्याकडे बसवणारा मुलगा पॅनेलवर चक्क उभा राहिला होता, आणि मी त्याला वर चहा नेऊन दिला! अशानं पडलेल्या बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत.

एक घोळ टाळा. पंचवीस अंशांच्या वर पॅनेल जितकं तापेल, तितकी दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी मिळते. ही घट तात्पुरती, गार झालं की भरून निघते. म्हणून मे महिन्याची तुलना जानेवारीशी करू नका. धुतल्यावर, सावली हटवल्यावर, त्याच महिन्याशी ताडूनही आकडा कागदापेक्षा खाली असेल, तर तक्रार जरूर करा. फक्त आधी वाचा, पॅनेल उतरवून तपासायला पाठवण्याचा खर्च कोणाचा ते.